‘थांबा’ म्हटल्यावर

जावकरावांनी ठरवलं होतं ते इतकंच, की वाचनालयाच्या फलकावरचा कागद चष्मा लावून नीट वाचायचा. वाचला, आणि तिथेच घात झाला.

(जावकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या पत्रांवर जावक क्रमांक घालण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. तेवढ्यात खरं नावही कुठल्यातरी पत्राबरोबर निघून गेलं असावं.)

कागदावर लिहिलं होतं, की कॉलनीतल्याच माणसांना घेऊन पाच मिनिटांची शॉर्ट फिल्म करा, आम्ही हॉलमध्ये दाखवू. जावकराव तडक घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“मी फिल्म करतोय. हिरॉईन तू.”

“अहो, आधी ती कोथिंबीर द्या इकडे,” बायको म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

लग्नाआधी ती नाटकांत कामं करायची. ‘तुझं नाटक बंद पडू देणार नाही,’ असं जावकरावांनी तिला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि ते प्रकरण बावीस वर्षं पेंडिंग होतं. ती विसरली असती. तिचे थोरले भाऊ विसरणारे नव्हते. हे मेहुणे निवृत्त हेडमास्तर. दर भेटीत पहिला प्रश्न, “काय जावकराव, नाटकाचं कुठवर आलं?” जावकरावांच्या कुठल्याही कामाला त्यांनी आजवर ‘बरं’च्या वर मार्क दिले नव्हते. जावकरावांना बक्षीस नको होतं. त्यांना मेहुण्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ‘छान’ ऐकायचं होतं.

माणसं फुकट मिळाली. हिरो म्हणून कोपऱ्यावरचे शिंपी आले, गळ्यातल्या टेपसकट. कॅमेऱ्यावर, म्हणजे जावकरावांच्या मोबाइलवर, खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका. काकांनी तीस वर्षं बस चालवली होती. घंटी वाजली की निघायचं, घंटी वाजली की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. असा कॅमेरामन मिळायला नशीब लागतं, असं जावकरावांना वाटलं.

“हे लाल बटण,” त्यांनी स्वतः एकदा दाबून दाखवलं. “मी ‘सुरू’ म्हटलं की दाबायचं, ‘थांबा’ म्हटलं की दाबायचं. स्क्रीनकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं.”

“समजलं,” काका म्हणाले. (त्यांना खरंच समजलं होतं. घोटाळा दुसऱ्याच माणसाचा होता.)

गोष्ट दुःखाची होती. नवरा कायमचा दूर निघालाय आणि बायको त्याला निरोप देते आहे. दिवाणखान्यात इस्त्रीच्या टेबलावर मोबाइल उभा केला आणि शूटिंग दिवसभर चाललं. ‘सुरू’ म्हटलं की शिंपी खांबासारखे ताठ व्हायचे आणि बायको पाठ केलेलं बोलायची. ‘थांबा’ म्हटलं की सगळ्यांच्या अंगात जीव यायचा. मग जावकराव शिकवायला पुढे व्हायचे. डोक्यावरून टॉवेल घेऊन त्यांनी विरहाने मूर्च्छित पडून दाखवलं, आणि पडले ते सोफ्याच्या पलीकडे. शिंप्यांना ऐटीत कसं चालायचं ते जमेना, तेव्हा जावकराव म्हणाले, “आमच्या मेहुण्यांसारखं चाला हो!” हात मागे, मान वर, जणू सगळं जग नापास झालंय, असे तीन फेरेही मारले. बायको हसून हसून खाली बसली.

पुढच्या रविवारी मुलगी नोकरीच्या गावाहून एडिटिंगला आली. कॉम्प्युटरवर बघता बघता तिने कपाळाला हात लावला.

“बाबा, तुमच्या ‘सुरू’ला रेकॉर्डिंग बंद होतंय आणि ‘थांबा’ला सुरू होतंय. शूटिंगआधी बटण कोणी दाबलं होतं?”

जावकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. फिल्म संध्याकाळीच दाखवायची होती. मेहुणे दुपारच्या बसमध्ये बसलेसुद्धा होते.

“मग आता?”

“आहे ते जोडते.”

हॉल भरला होता. मेहुणे पहिल्या रांगेत होते. पडद्यावर ‘निरोप’ हे नाव आलं आणि लगेच टॉवेलवाले जावकराव सोफ्यामागे अदृश्य झाले. हॉल हसला तो थांबेचना. मग ती चाल आली. जावकरावांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“माझी चाल अशी नाही!” मेहुणे गरजले, आणि सिद्ध करायला उठून पडद्यासमोरून चालत गेले. हात मागे, मान वर. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

जावकरावांनी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर फक्त बायको होती. जमिनीवर बसून, डोळे पुसत, पोट धरून हसणारी. एवढ्या मोठ्या पडद्यालाही ती पुरून उरली होती. जावकरावांना तिचा असा अभिमान वाटला, की सोफा, टॉवेल, मेहुणे सगळं विसरून त्यांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

फिल्म संपली. मेहुणे आपल्याकडेच येताहेत हे बघून जावकराव सावध झाले. ‘छान’ आलंच, तर त्याची नोंद हवी. त्यांनी घाईघाईने मोबाइल काढला, चालतोय ना म्हणून बटण दाबून बघितलं आणि काकांच्या हातात दिला. “मी खूण केली की दाबा, परत केली की दाबा.”

खूण झाली. काकांनी दाबलं.

मेहुण्यांनी जावकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. “छान, जावकराव. फार छान. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांनी बघितलं.” हेडमास्तरांचा आवाज चक्क ओला होता.

जावकरावांनी भरल्या डोळ्यांनी दुसरी खूण केली.

सोमवारी कचेरीत त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती गोळा केलं आणि मोबाइल लावला. आधी दोन सेकंद काकांचा बूट दिसला. मग हात जोडलेले जावकराव दिसले. ते म्हणत होते, “परत एकदा म्हणाल का?”

आणि मेहुणे मान वर करून म्हणत होते, “नाही.”