हसियावाल्याचा पाचवा भाग

नंदनवन वस्तीतल्या एका घराच्या बैठकीत दुपारी आठ बाया होत्या, आठ पोळपाट, आठ लाटणी, ओल्या फडक्याखाली सहाशे चाळीस लाट्या आणि भाड्याने आणलेला टीव्ही नि व्हीसीआर. पापड प्रेमिलावहिनींच्या नणंदेच्या, अरुंधतीच्या, रुखवताचे होते. उडदाचं पीठ संध्याकाळपर्यंत तडकतं, म्हणून लाटणं आजच उरकायला हवं होतं.

प्रेमिलावहिनींनी शेजारणी जमवल्या त्या सिनेमाच्या आमिषानेच. कॅसेट आणायचं काम दीर रविंद्रकडे होतं. तो नुकताच बी.एस्सी. झालेला.

"देवाधर्माचं आणा, भाऊजी. हात चालले पाहिजेत. उरतीन तितक्या लाट्या तुम्हीच लाटसान."

दुकानात देव एकही उरला नव्हता. उरला होता 'हसियावाला' या विळेवाल्या खुन्याच्या हिंदी भयपटाचा पाचवा भाग. आधीचे चार रविंद्रने टॉकीजमध्ये पाहिले होते. चौथ्यानंतर तो आठवडाभर सक्करदऱ्याच्या तळ्याकडे फिरकला नव्हता.

टीव्हीवर अंधारी विहीर दिसली, दगडावर विळा खरखरला आणि आठही लाटणी थांबली.

"कोण हाय वं तो?" बायजाबाईंनी शेजारच्या भागीरथेचा हात घट्ट धरला.

"मले काय मालूम? तोंडावर तर पोतं हाय!"

दहा मिनिटांत चार पापड झाले. वहिनींनी दिराकडे पाहिलं. रविंद्रने मनात भागाकार केला आणि जन्मात पहिल्यांदाच आवडत्या सिनेमाचं वाईट चिंतलं.

ते लगेच फळाला आलं. तिसऱ्या खुनाच्या वेळी हसियावाला धावता धावता स्वतःच्याच घोंगडीत अडकून आपटला. उठून त्याने एक गाणं म्हटलं. मग तोंडावरचं पोतं उतरवलं, तर आत गालाला पावडर थापलेला गुबगुबीत गृहस्थ.

"अवं, हा तर गांधीबागेतल्या कापडवाल्यावानी दिसते!" भागीरथा म्हणाली.

"काहून गा रविंद्र," बायजाबाईंनी हात सोडून लाटणं उचललं, "याले भ्याचं होतं काय? त्याच्या विळ्यानं शेपू तरी कापली जाईन काय?"

हशा पिकला आणि लाटणी सपासप फिरू लागली. हसियावाल्याची ही दशा रविंद्रला पाहवत नव्हती, पण पापड तीनशे ऐंशीवर गेले होते.

शेवटच्या खुनासाठी विळा वर गेला आणि एकदम बँड वाजू लागला. कुणीतरी त्याच कॅसेटवर घरचं लग्न उतरवलं होतं. रविंद्रने सुस्कारा सोडला. लग्नात भिण्यासारखं काय असतं?

"शालू पाहा वं नवरीचा!"

"शालू राहू दे, मामीच्या गळ्यातलं पाहा. पितळ हाय, सांगून ठेवते."

"वरमाय तर रुसून बसून राहिली! काहून वं?"

आठही लाटणी पुन्हा थांबली होती. रविंद्र बटण बंद करायला उठला.

"बसा, भाऊजी," प्रेमिलावहिनी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "बिदाई होऊ द्या."

बिदाईला आठहीजणी मनसोक्त रडल्या, पदराने डोळे पुसले आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून सात घरी गेल्या. लग्नाच्या चाळीस मिनिटांत पापड झाले तीन.

वहिनींनी एक पोळपाट आणि उरलेल्या दोनशे सत्तावन्न लाट्या रविंद्रपुढे सरकवल्या. त्याने बाह्या वर केल्या, पहिला पापड लाटला आणि पट्टी आणून मोजला. सगळ्यात मोठा व्यास चौदा सेंटिमीटर, सगळ्यात लहान साडेसहा.