तिसऱ्या मजल्यावरचा ग्रीन टी

यकृत हा शरीरातला सर्वांत सोशिक कर्मचारी होय. तो तक्रार करत नाही, रजा मागत नाही. म्हणून कुठल्याही कचेरीच्या रीतीप्रमाणे सगळे काम त्याच्याच टेबलावर येऊन पडते.

तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयातल्या हेडक्लार्कांच्या यकृतावर सोनोग्राफीत चरबी निघाली. ग्रेड दोन. (नोकरीत ही ग्रेड मिळायला त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, इथे ती बसल्या जागी मिळाली.) त्यांचे वडील याच वाटेने गेले होते, जन्मात दारूच्या थेंबाला न शिवता. त्यामुळे बायको रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चाला. तळलेलं आणि गोड बंद. वजन उतरवा."

"आणि ग्रीन टी?"

"बिनसाखरेचा प्या हवं तर. पण त्याच्या भरवशावर राहू नका."

आदेशातला सोयीचा भाग अंमलात आणायचा आणि उरलेला दप्तरी दाखल करायचा, यात हेडक्लार्कांचा हात धरणारा कोणी नव्हता. 'प्या' अंमलात आले, आणि तेही सगळ्या कार्यालयासाठी.

परिपत्रक
विषय: यकृतहितार्थ ग्रीन टी.
१. साधा चहा बंद समजावा.
२. तळलेला पदार्थ खाल्ल्यास लगेच वर ग्रीन टी घ्यावा. म्हणजे तो पदार्थ खाल्लाच नाही, असे मानण्यात येईल.
४. चव वाईट लागणे हा औषधी गुण समजावा.
(तिसरा नियम चालण्याबद्दल होता. तो चर्चेअंती वगळला. क्रमांक दुरुस्त करायला कोणी उठले नाही.)

साध्या चहाचा एक दोष होता. तो तळमजल्यावर मिळे आणि लिफ्ट कायमची बंद. दिवसाकाठी तीन-चारदा सगळे कार्यालय जिने उतरे, चढे, धापा टाके, साहेबांना शिव्या घाले. ही पिळवणूक थांबली. ग्रीन टीचे यंत्र हेडक्लार्कांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर बसले. मग कार्यालयात घेतलेल्या पाहणीत शंभरातल्या ब्याण्णवांना हलके वाटले. उरलेल्या आठांना पाहणीच्या टेबलापर्यंत जायचा कंटाळा आला.

घरीही नियम दोन लागू होता.

"अहो, ही भज्यांची तिसरी प्लेट!"

"अगं, वर ग्रीन टी घेतोय ना."

"हो, आगीत तेल ओता आणि वर फुंकर मारा. विझेल हं!"

हेडक्लार्कांनी फुंकर मारली. कप गरम होता.

पुढची सोनोग्राफी. ग्रेड तीन.

"चालत होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"पीत होतो." आवाजात प्रामाणिक माणसाचा दुखावलेपणा होता.

"चहाशिवाय आणखी काय बदललं?"

ते आठवू लागले. बायकोला आधी आठवले. "पूर्वी चहाला जिने उतरून जायचे. आता बसल्या बसल्या मिळतो."

ती उठली. "मामंजींच्या वेळी मी दवाखान्याच्या बाकावर महिनेच्या महिने काढले. आता नाही काढायची. उठा. घरी चालत जायचं."

हेडक्लार्क दारापर्यंत चालले. तिथे थांबले. बाहेर पायऱ्या होत्या.

"मला वाटतं," ते म्हणाले, "आपली ग्रीन टीची कंपनी चुकली. दुसऱ्या कंपनीचा घेऊन बघू या का?"

ती पायऱ्या उतरून पुढे निघाली होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

वाचकहो, हसलात ना? छान. आता वर न बघता सांगा, डॉक्टरीणबाईंनी काय काय करायला सांगितले होते? बिनसाखरेचा, एवढे नक्की आठवले असेल. बाकीचे तुम्हीही दप्तरी दाखल केलेत, आणि तुमच्याही घरी कोणीतरी रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचते आहे.

तुमचा कप संपला असेल. यंत्र लांब आहे का?