सोनकांबळे काकांचं फुकट पीडीएफ

सोनकांबळे काका लॅपटॉपवर नवं सॉफ्टवेअर उतरवलं की आधी त्याची उलटतपासणी घेतात. तीही मोठ्यानं. आमची भिंतीला भिंत, त्यामुळे सगळं ऐकू येतं.

"फुकट हायस म्हणतोस, मग ईमेल कशाला पायजे रे तुला?"

सॉफ्टवेअर गप्प. काका त्याला काढून टाकतात.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन काका नांदेडात आमच्या शेजारी राहायला आले. या उन्हाळ्यात त्यांनी एकच ध्यास घेतला होता, पीडीएफ वाचायचं आणि दुरुस्त करायचं फुकट सॉफ्टवेअर. एकानं पानाच्या मधोमध आपल्या नावाचा तिरपा शिक्का मारला. "पान माझं अन् नाव याचं? खामखा!" दुसरं आठवडाभर गोड वागलं आणि मग पैसे मागू लागलं. "दगाबाज हाय." तिसऱ्यानं अक्षर मोठं केलं, पण जोडाक्षरं फोडून टाकली. "भाऊ, 'प्रज्ञा'चे तुकडे केले हो यानं!" असं ओरडत काका माझ्या दारात आले, तेव्हा मला वाटलं घरात कुणी पडलंबिडलं.

मी त्यांच्या घरी जाऊन बसलो आणि म्हणालो, "माझ्याकडचं घ्या की. फाईल उघडते, वाचता येतं."

"बघितलं तुमचं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळून राहिली. तिच्या मागं मागं फिरायचं का माणसानं?"

"पण एवढं मोठं अक्षर तुम्हाला हवंय कशाला?"

काकांनी आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला न्हाई. हिला."

पावसाळ्यात, वर्षावासाच्या महिन्यांत, आमच्या गल्लीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायच्या त्या काकांच्या घरच्या इंदूकाकूच. साखरेनं त्यांचे डोळे अधू झाले. गेल्या वर्षी एका ओळीवर पुन्हा पुन्हा अडखळल्या, तेव्हा ग्रंथ मिटून म्हणाल्या, "आता दुसऱ्या कुणाला द्या." तेव्हापासून त्या विहारात अगदी मागं, भिंतीला टेकून बसत.

"ह्यांचं काय ऐकू नका, भाऊ," काकू आतून म्हणाल्या. "डोळे गेले ते गेले."

काकांनी मात्र ऐकलं नाही. शेवटी एक साधंसुधं सॉफ्टवेअर सापडलं. शिक्का नाही, ईमेल नाही, अक्षराला हात लावत नाही. फक्त पान कापून देतं. काकांनी ग्रंथाची सगळी पीडीएफ कापली, चार-चार ओळींच्या पट्ट्या करून. एक पट्टी उघडली की पडदाभर तेवढंच, टपोऱ्या अक्षरात.

यंदा वर्षावासाच्या पहिल्या संध्याकाळी काकू माईकसमोर बसल्या. पुढ्यात लॅपटॉप, शेजारी काका. काकूंनी मान हलवली की काकांनी बटण दाबायचं, असं ठरलं होतं. सुरुवातीला आवाज कापला. मग तो खणखणीत जुना आवाज लागला, आणि पुढच्या बायका सावरून बसल्या.

आणि काकू अचानक थांबल्या.

परत अडखळल्या की काय? मी काकांकडे बघितलं. बोट बटणावर तसंच होतं, पण नजर पडद्यावर नव्हती. ते काकूंकडे बघत बसले होते.

"अहो," माईकमधून आवाज आला, "पुढचं!"

सगळा विहार हसला. काका दचकले आणि घाईनं बटण दाबताना भलतेच पुढं गेले. "हाव, हाव, थांब जरा," म्हणत ते मागची पट्टी शोधायला वाकले, पण त्यांना आधी चष्मा पुसावा लागला.