बारा कणांची झाडलोट

काचेच्या बशीत, काळ्या कागदावर, बारा कण होते. सगळे गारगोटीचे, प्रत्येकाची जाडी एक दशांश मिलिमीटर. फ्रीडाने ते तीन आठवडे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडले होते. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता बारा होते. नऊ वीसला बशी लख्ख होती.

"सर, या बशीत कण होते."

"धूळ होती," प्रोफेसर मेर्क्ले फडकं झटकत म्हणाले. "दहाला चाचणी बघायला समिती येतेय आणि झाडलोटीची पाटी आपल्या दाराला आहे. वरच्या मजल्याने काय म्हणावं?"

जर्मनीत, श्टुटगार्टच्या आसपास, झाडलोटीची पाटी ज्याच्या दाराला लटकते, त्याने त्या आठवड्यात जिना, बोळ आणि दार सगळं झाडायचं असतं. माणूस प्रोफेसर असला तरी. मेर्क्ले यांचं नाव झालं होतं ते मात्र धुळीवर. ताऱ्यांकडे निघालेल्या यानाला साधा धूलिकण कसा बाँबसारखा आदळेल, यावर ते पाऊण तास बोलत आणि श्रोत्यांना घाम फुटे. यान अजून नव्हतं. इंजिन नव्हतं. तीन पदरी ढाल तेवढी तयार होती. प्रयोगशाळेतली तोफ कण सेकंदाला सात किलोमीटर वेगाने उडवी. यानाचा वेग होता साठ हजार. मधली तफावत प्रस्तावात गुणाकार करून भरून काढली होती.

"सर, आज ढाल टिकली नाही तर प्रकल्प बंद. मी सोमवारपासून घरी."

"मग शोधा ना! केर काही पळून गेला नाही."

केर सुपलीत होता. त्यात केस होते, लोकर होती, प्रोफेसरांच्या सकाळच्या ब्रेत्सेलवरून, म्हणजे खारट वेटोळ्या पावावरून, गळलेलं जाडं मीठ होतं. पावणेदहापर्यंत फ्रीडाला योग्य मापाचा एक कण मिळाला.

"हा मिठाचा तुकडापण असू शकतो, सर."

"पाण्यात टाकून बघा."

"मीठ निघालं तर विरघळेल. मग तोफेत काय, फडकं घालू?"

दार वाजलं. समितीच्या अध्यक्षा हाउग बाई आत आल्या, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि खूश झाल्या. कण तोफेत गेला. धडाका झाला. फ्रीडाने ढाल बाहेर काढून उजेडासमोर धरली. तिन्ही पदरांतून उजेड आला.

"आरपार," हाउग बाई म्हणाल्या. "म्हणजे संपलंच की हो, प्रोफेसर."

"छे! ढाल आहे धुळीसाठी. हे मीठ होतं! माझ्या ब्रेत्सेलवरचं!"

"मीठ गारगोटीपेक्षा मऊ ना?"

प्रोफेसरांनी फडकं उचललं आणि लख्ख बशी पुन्हा पुसली.

"पण तोफेत मीठ शिरलंच कसं?" हाउग बाईंनी विचारलं.

"आमचे कण सरांनी झाडून टाकले," फ्रीडा म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "दाराला पाटी होती म्हणून."

हाउग बाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. पाटी होती. त्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? पाटी असेल तर झाडायलाच हवं! आणि मिठाची चाचणी नियमात कुठेच नाही." त्यांनी कागदावर सही केली. "ही रद्द. वर्षभराने नीट घ्या. तोवर या मुलीची नोकरी चालू."

प्रोफेसरांनी दुपारी नवं ब्रेत्सेल आणलं, अर्धं फ्रीडाला दिलं. "बघा! स्वच्छतेने कधी कुणाचं वाईट झालंय? आणि ढालीला काहीही झालेलं नाही. मिठाने फुटली, तो मिठाचा दोष."

सोमवारी फ्रीडाने सुपलीतला सगळा केर पाण्यात ढवळला. मीठ विरघळलं, केस वर तरंगले. तळाशी उरलेले गारगोटीचे कण तिने वाळवले, काळ्या कागदावर मांडले आणि मोजले. मग फडकं धुऊन त्याचंही पाणी गाळलं, आणि पुन्हा दोनदा मोजले.

अकरा.