लस्मिनीबाईंचे पंखास्वारीची हकीकत

आज्ञा जाहली की जावा बेटी सोलो शहरी हॉटेलात पंख्याचे युद्ध कैसे जाहले ते साद्यंत लेहोन काढावे, त्यावरून जे डोळां देखिले ते लिहितो.

हॉटेलचे चाकरांस इंग्रजीची शिकवणी असे. तेथील शिक्षिका, अखंडितप्रतापी एंडांग बाईसाहेब, ज्यांस सर्व बू म्हणजे बाई म्हणत, यांणी प्रयोजक क्रियापदांचा मुलूख काबीज करविण्याची मसलत मांडिली. मेक म्हणजे जबरीने करविणे, हॅव म्हणजे हुकुमाने करविणे आणि गेट म्हणजे गोडीने करविणे, ऐसे तीन सरदार. मग फर्मान सुटले की परीक्षेस प्रत्येकाने एक काम दुसऱ्याकडोन करवावे, स्वतः करू नये, आणि कोणता सरदार चालविला ते इंग्रजीत सांगावे. अव्वल येईल त्यास मजल्याची मुकादमी.

मुकादमीची उमेद खोल्या झाडणाऱ्या लस्मिनीबाईंस बहुत होती. परंतु खोड ऐसी की दुसऱ्याने चादर अंथरिली तर उचकटोन पुन्हा आपण अंथरीत. त्यांस नेमून आले ते वर्गातील पंखा पाक पोनिदी यांजकडोन पुसविणे. पाक म्हणजे आमचेकडे वडील पुरुषास मानाची हाक; हे पोनिदी हॉटेलचे मिस्त्री, बाईंचे बापाचे वयाचे. आम्हां जावाकरांस वडील माणसास हुकूम सोडणे जिवावर येते, आणि मेक तर मनी आणिला तरी कान धरावे लागतात.

बाईंनी पंख्याखाली ठाण मांडिले आणि हल्ला केला.

"पाक, आज उकडतंय नाही?"

"हो ना," म्हणोन पाकांनी खिडकी उघडिली आणि पुन्हा बसले.

"पंखा काळा पडलाय जरा."

"काळाच आणला होता गं."

शिकस्त खाऊन बाईंचे डोळां पाणी आले, मुकादमी हातची जाते ऐसे वाटले. मग त्यांणी शिडी ओढिली आणि मुद्दाम तिरकी लाविली आणि फडके घेऊन पहिले पायरीवर पाय ठेविला.

"उतर खाली! अशी लावतात शिडी? मान मोडून घेशील!" पाक गर्जले, आणि फडके हिसकोन खासा वर चढले. वरून म्हणाले, "बू, बघत काय बसलात? शिडी धरा!"

बाईसाहेब शिडी धरोन कडाडल्या, "लस्मिनी, पण तू त्यांना सांगितलंच नाहीस!"

"सांगितलं असतं तर केलं असतं का, बू?" आणि मग इंग्रजीत जबाब दिधला, गेट.

बाईसाहेबांनी अव्वल गुण मांडिले. येणेप्रमाणे पंखा साफ करविला आणि मुकादमी लस्मिनीबाईंकडे करार जाहली. पाकांचे हातून एक पाते पुसावयाचे राहिले. ते लस्मिनीबाईंनी पाहिले, हात मांडीखाली दाबिले, आणि उठल्या नाहीत. फत्ते जाहली.