पसंत ना

मेहरूणच्या रतिलालनानांकडे फोन दोन होते, एक बैठकीत आणि एक स्वयंपाकघरात. लाइन मात्र एकच. त्या लाइनवर धुळ्याहून निरोप यायचा होता. त्यांच्या मुलीला, लताला बघून गेलेला धुळ्याचा हिरालाल तिला आवडला होता. नानांना तर तिच्याहून जास्त. पण फोन काही वाजेना, आणि मुलीच्या बापानं आधी फोन करायचा कसा?

संध्याकाळी लताचा भाऊ धनसिंग कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळत होता. नानांनी वैतागून विचारलं, "समोर कोण आहे रे?"

"हिरालाल. रोज खेळतो आम्ही. मधे कोणी लागत नाही नाना, फोनवरून आपलं मशीन थेट त्यांच्या मशीनशी बोलतं."

"अरे करंट्या! म्हणजे दोन्ही घरांचे फोन तूच अडवून बसलायस! मशीनं बोलतात आणि माणसं गप्प! विचार त्याला, पसंती काय ते."

धनसिंगनं विचारलं. पडद्यावर एकेक इंग्रजी अक्षर उमटू लागलं. नाना जुळवून वाचत होते, "प... संत... ना..."

तेवढ्यात लताच्या आई रुक्माबाईंनी बहिणीला फोन लावायला आतला रिसीव्हर उचलला, तर कानात मशीनांची चिरकी रडारड. "अरे, ह्या फोनमा कोनी रडी ऱ्हायनं!"

रिसीव्हर उचलताच मशीनांची लाइन तुटली आणि पडदा ठप्प झाला.

"'नाही'च असणार," नाना खुर्चीत कोसळले. लता दारामागे डोळे पुसत म्हणाली, "आणखी एक अक्षर तरी येऊ द्यायचं होतं!"

धनसिंग पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिला. एंगेज. "तोही आपल्यालाच लावत असेल, नाना."

"नकार द्यायला एवढी घाई?"

सकाळी हताश नानांनी नरडाण्याच्या पाहुण्यांना फोन लावला. त्यांचा मुलगा लताला बघायला येऊन सगळा वेळ टीव्हीवर मॅच बघत बसला होता. पण हातचं स्थळ कसं सोडायचं? "आमच्याकडून होकारच समजा..." नाना म्हणतात तोच दारात जीप थांबली. हिरालाल घरच्यांसह उतरला.

"नाना, निरोप अर्धाच तुटला. 'पसंत. नारळ घेऊन उद्या येतो,' असं लिहीत होतो!"

रिसीव्हर हातानं झाकून नाना आत बघत कुजबुजले, "अगं, उचल तो आतला फोन! तोड लाइन!"

रुक्माबाईंनी धावत जाऊन फोन उचलला आणि सवयीनं मोठ्यानं बोलल्या, "हॅलो! कोन शे? आम्हना घर धुयावाला नारय लिसन उनात! लताले पसंत करं त्यासनी!"

या खेपेला मात्र लाइन तुटली नाही. धुळेकर नारळ घेऊन आल्याचा निरोप नरडाण्यापर्यंत शब्दन्‌शब्द स्वच्छ पोचला.