निजामाबादची राजेश्री

रुख्मिणीबाईंनी सोनपेठच्या आपल्या गल्लीत दोन वर्षं एकच थाप चालवली होती, आणि ती इतकी बिनबोभाट चालली होती की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटे. राजेश्री दहावी झाली तशा बायका तिच्यासाठी स्थळं घेऊन यायला लागल्या. "पोरगी मामाकडं तेलंगणात, निजामाबादला शिकायलीय," रुख्मिणीबाईंनी ठोकून दिलं. पोरगी घरातच होती. सकाळी तोंडाला स्कार्फ गुंडाळून गंगाखेडच्या एसटीत बसायची आणि कॉलेज करून संध्याकाळी तशीच परत यायची. उन्हापायी निम्म्या पोरी तशाच फिरतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

बारावीनंतर परभणीला इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि घोडं अडलं. रहिवासी दाखला असला तर फी माफ, नसला तर सगळी भरा. तेवढी भरण्याची घरात ऐपत नव्हती, म्हणजे कॉलेजच बुडालं. रुख्मिणीबाईंनी दाखल्याला अर्ज केला. चौकशीला तलाठी भगवानराव आले आणि नेमके शेजारच्या दगडाबाईंच्या ओट्यावर टेकले.

"राजेश्री इथंच राहती का?"

"न्हाई बा. ती निजामाबादला असती. दोन वर्षं झाले, तोंड दिसलं न्हाई."

दगडाबाई अगदी खरं बोलत होत्या.

भगवानरावांनी पेन खिशात ठेवला. "मंग दाखला बी तिकडूनच काढा म्हणावं."

दारात उभ्या रुख्मिणीबाई पुढं सरसावल्या. तेवढ्यात स्कार्फवाली राजेश्री दुकानातून साखर घेऊन आली, आणि दगडाबाई ताडकन उठल्या.

"सायब, हिचं नाव लिव्हा आधी. यांची भाडेकरू हाय. दोन वर्षं झाले, माडीवरून माझ्या ओट्यावर पाणी फेकती."

"रोज?"

"दिवाळीला सुदीक खाडा न्हाई."

राजेश्रीनं स्कार्फ सोडला. "काकू, मीच राजेश्री."

दगडाबाई मटकन खाली बसल्या. भगवानरावांनी पेन पुन्हा काढला, दगडाबाईंचाच जबाब पुरावा म्हणून लिहून घेतला आणि दाखल्याचं काम करून देतो म्हणाले.

त्या संध्याकाळीच दोन स्थळं आली. रुख्मिणीबाई वैतागल्या. चार दिवसांनी पुन्हा कडी वाजली.

"भाच्यासाठी पोरगी बघायची होती," बाहेरून आवाज आला.

"ती निजामाबादला असती," रुख्मिणीबाई दार न उघडताच म्हणाल्या. जीभ सवयीनं वळली.



"मंग हा दाखला वापस नेऊ का?" भगवानरावांनी विचारलं.

राजेश्रीनं धावत येऊन दार उघडलं आणि हात पुढे केला.

"दाखला द्या, काका. राहणारी पोरगी इथंच हाय. बघायची तेवढी निजामाबादला हाय."